बोआची कात तुकड्यांत निघतेय? स्प्रे बाजूला ठेवा, आधी पेटीचं झाकण बघा

गेल्या महिनाभरात मला एकाच तऱ्हेचे तीन फोटो आले. तिन्हींत बोआच, म्हणजे हौसेनं पाळतात तो परदेशी साप, तिन्ही दीड वर्षाच्या आतले. अंगभर राखाडी, कडक पापुद्रे चिकटलेले, मानेजवळ कातीची वळी अडकलेली, शेपटीच्या टोकावर टोपी बसावी तसा जुन्या कातीचा तुकडा. प्रश्नही एकच: "काकू, दिवसातून दोनदा स्प्रे मारतोय, तरी दर वेळी असंच का होतंय?" दोघं इंदूरचे, एक देवासचा. तिघांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते. आमच्या वेणीचं पहिलं वर्ष असंच गेलं आणि तिला तो त्रास माझ्या न कळण्यामुळे झाला, हे मला आजही लागतं.

वेणी ही आमची मादी बोआ. पाठीवरचे तपकिरी पट्टे एकात एक गुंफल्यासारखे दिसतात म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं नाव. मुलाचा मित्र शिकायला परदेशी निघाला, तेव्हा साधारण दहा महिन्यांची वेणी कागदपत्रांसकट आमच्या इंदूरच्या, लोकमान्य नगरच्या घरी आली.

कागदपत्रांचं इथेच सांगून टाकते, कारण त्या तिघांपैकी एकाकडे ती नव्हती. बोआ आपल्याकडचा साप नाही, तो मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या मुलखातला. पण वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सायटिस करारात त्याचं नाव आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी आपल्या वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आले आहेत. त्यासाठी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले आणि नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर होते. साप हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती करायची असते. घ्यायच्या आधीच देणाऱ्याची नोंद मागा, नसेल तर घेऊ नका. आणि 'देशी बोआ' म्हणून कोणी मांडूळ दाखवलं, म्हणजे इकडे ज्याला दोमुँही म्हणतात तो साप, तर तिथूनच परत फिरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पकडणं, पाळणं, विकणं, सगळं गुन्हा आहे. गुप्तधन नि औषधाच्या खुळ्या समजुतींपायी त्या गरीब जीवाची जी तस्करी चालते, ती वाचून पोटात तुटतं.

आता मूळ मुद्दा.

चांगली कात कशी असते

साप कात टाकायला आला की आधी त्याचे रंग मळतात, पोट गुलाबीसर दिसायला लागतं. मग डोळ्यांवर दुधाळ निळी झाक येते. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये एक पातळ द्रव तयार होतो, त्याची ही झाक. हाच द्रव दोन थर एकमेकांपासून सोडवतो. चार-सहा दिवसांत डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवखे लोक इथे फसतात, त्यांना वाटतं, आलं आणि गेलं. खरी कात त्यानंतर तीन-पाच दिवसांनी निघते. साप तोंड कशावर तरी घासतो, ओठांपाशी कात उकलते आणि मग उशीचा अभ्रा उलटा काढावा तशी ती नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध सुटत जाते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर जे पारदर्शक खवलं असतं, त्याचीही कात निघते, म्हणून टाकलेल्या कातीच्या तोंडाशी दोन गोल चकत्या दिसल्याच पाहिजेत.

हवा कोरडी असली की तो मधला ओलावा लवकर सुकतो, जुना थर नव्यावर चिकटून बसतो आणि ओढला की फाटतो. एवढीच ती गोष्ट. एखाद्या वेळी असं झालं तर फार घाबरू नये. लागोपाठ दोनदा झालं तर मात्र पेटीत काहीतरी चुकतंय.

हवेला दोष देण्याआधी एक तपासणी करा. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके बुडालेले आहेत का? पांढरा ओला टिश्यू सापाच्या अंगावरून हलकेच फिरवा, त्यावर हलणारे काळे कण येतात का? डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या घडीत नीट बघा. तसं काही दिसलं तर ते माइट्स आहेत, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक कीटकासारखे जीव, आणि मग खालचं सगळं दुय्यम, आधी त्यांचा बंदोबस्त. जुनी जखम किंवा भाजल्याचा डाग असेल तर तेवढ्या जागीच कात अडकते, अंगभर नाही.

आमची वही

मला लिहून ठेवायची सवय आहे, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या सगळ्या काती वहीत आहेत. ऑक्टोबरच्या मध्यावर पहिली, अखंड. डिसेंबरमध्ये दुसरी, सात-आठ तुकडे. जानेवारीअखेर तिसरी, त्याहून वाईट, उजव्या डोळ्याची चकती निघालीच नाही. मार्चअखेर चौथी, पुन्हा तुकडे. आणि मे महिन्यात, बाहेर ४१ अंश असताना, पाचवी कात एकदम अखंड, तोंडापासून टोकापर्यंत.

हे मला उमगेना. आपल्याकडे सगळ्यात कोरडा म्हणजे उन्हाळा, असं आपण धरून चालतो. माळव्यात मे महिन्यात दुपारी वाळत घातलेलं कापड तासाभरात कडक होतं. मग मेमध्ये कात चांगली आणि थंडीत वाईट, हे कसं?

त्यात पेटीतला काट्याचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, कायम ६० दाखवायचा. बोआला ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, म्हणजे हे ठीकच. तरी मी स्प्रे वाढवला. दोनदाचा तीनदा, तीनदाचा चारदा. जमीन चिखल झाली, काचा घामेजल्या, आणि कात पुन्हा फाटली.

जानेवारीत एका संध्याकाळी सासूबाई ओठांना तूप लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, माझे ओठ फुटतात तेव्हाच हिची कात अडकते बघ. आणि कूलर सुरू झाला की दोघींचं बरं होईल." तेव्हा मी नुसतं हो म्हटलं. मे महिन्यातली ती अखंड कात हातात आली तेव्हा ते वाक्य आठवलं आणि मी वही काढून हिशोब मांडायला बसले.

गोष्ट पाण्याची कमी, उष्णतेची जास्त

आर्द्रतेचा टक्का म्हणजे हवेत किती पाणी आहे हे नव्हे, तर त्या तापमानाची हवा जितकं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के भरलेली आहे, ते. तापलेली हवा जास्त पाणी धरते. त्यामुळे तीच हवा, त्यात थेंबभरही कमी-जास्त न करता, नुसती तापवली की टक्का घसरतो.

जानेवारीतल्या रात्री आमच्या खोलीत १८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असते. ही हवा पेटीत शिरते आणि हीटर तिला ३० अंशांपर्यंत तापवतो. टक्का सरळ २५ च्या आसपास येतो. वेणी रात्रभर त्या हवेत, वाळवंटात झोपावं तशी. मे महिन्यात खोलीत कूलर चालतो, खसाची टट्टी ओली असते, खोली ३२ अंशांवर आणि आर्द्रता ५५ च्या पुढे. पेटीला वेगळी उष्णता द्यावीच लागत नाही, हीटर बंद. म्हणजे टक्का पडायला कारणच नाही. हिशोबानं त्या हवेत जानेवारीच्या अडीचपट पाणी असतं. मार्च ही दोन्हींकडून मार खाणारी वेळ: बाहेर लू नसली तरी हवा कोरडी ठणठणीत, आणि कूलर अजून गच्चीवर, धुवायचा राहिलेला.

एसी असणाऱ्यांना कूलरचा हा फायदा मिळत नाही, उलट एसी खोलीतलं पाणी काढून घेतो. देवासच्या मुलाकडे मेमध्येही कात फाटत होती, त्याचं कारण हेच निघालं.

आता स्प्रे का पुरत नाही ते बघा. स्प्रे मारला की पाच मिनिटांत टक्का ८५-९० वर जातो. वरच्या जाळीतून ती ओली गरम हवा निघून जाते आणि अर्ध्या-पाऊण तासात आपण जिथे होतो तिथे. दिवसातला बाकीचा वेळ साप कोरड्या हवेत, पण पोटाखाली ओल्या जमिनीवर. म्हणजे दोन्हीकडून नुकसान: वरून कात सुकते, खालून पोटाची खवलं कुजायला लागतात.

काटा खरं बोलतोय का

माझा सगळा घोळ त्या ६० दाखवणाऱ्या काट्यानं केला. तुमच्याकडे कुठलाही हायग्रोमीटर असो, आज रात्रीच त्याची परीक्षा घ्या, खर्च शून्य.

बाटलीचं एक बूच घ्या. त्यात साधं मीठ भरा आणि चमच्यानं पाण्याचे थेंब टाकत राहा, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. मीठ विरघळता कामा नये, वर पाणी साचता कामा नये. घट्ट झाकणाच्या डब्यात हे बूच आणि शेजारी हायग्रोमीटर ठेवा, झाकण लावा, आणि डबा रात्रभर एका जागी राहू द्या. उन्हात नको, फ्रीजवर नको. ओलं मीठ बंद जागेतली हवा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं, तो त्याचा धर्मच आहे. सकाळी झाकण उघडायच्या आधी आकडा दिसेल अशी सोय करा, म्हणून मी बरणी वापरली.

माझा एक डिजिटल ७३ दाखवत होता, दुसरा ६९. म्हणजे पहिल्यात २ मिळवायचे, दुसऱ्यात ६. मी दोघांच्या पाठीवर पट्टी चिकटवून तसं लिहून टाकलं. काट्याचा तो गोल हायग्रोमीटर मिठाच्या बरणीत ६० होता, ओट्यावर ६० होता आणि गच्चीवरच्या उन्हातही ६०च होता. वेणीनं ज्या हवेत तीन काती फाडल्या त्या हवेतही तो मला सगळं ठीक आहे म्हणून सांगत होता.

पेटीत दोन हायग्रोमीटर लागतात, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि दोन्ही जमिनीपासून चार बोटांवर, साप असतो त्या उंचीला. वर काचेला चिकटवलेला आकडा सापाच्या कामाचा नाही.

झाकण

जे बहुतेकांकडे असतं तेच आमच्याकडे होतं: माशांची असते तशी काचेची टाकी, वर पूर्ण जाळीचं झाकण, झाकणावर दिवा. आता हे चुलीसारखं चालतं. दिव्यानं तापलेली हवा जाळीतून वर जाते, तिची जागा घ्यायला खोलीतली थंड कोरडी हवा आत ओढली जाते, ती तापते, वर जाते. चोवीस तास हेच. पाणी कितीही घाला, ते त्या धुराड्यातून निघून जाणार.

नवी पेटी करायच्या आधीचा उपाय दोन तासांचा आहे. जाळीचा दिव्याजवळचा भाग सोडून उरलेली बाजू ॲक्रिलिकच्या तुकड्यानं झाका. इथल्या सियागंज बाजारात मापानं कापून मिळाला. दिव्यापासून चांगली वीतभर जागा मोकळी ठेवा, प्लास्टिक किंवा थर्मोकोल त्याच्या जवळ जाता कामा नये. थंड बाजूच्या कडेला दोन बोटं फट राहू द्या. टाकीच्या मागच्या आणि दोन बाजूच्या काचांना बाहेरून थर्मोकोलचा पत्रा लावा, म्हणजे थंडीत काच कमी उष्णता घालवते आणि हीटर कमी वेळ पेटतो. सापालाही तीन बाजू बंद असल्यानं धीर येतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलं. वेणी पहिल्याच रात्री टाकीभर फिरली.

नुसतं एवढं केल्यावर, स्प्रे अजिबात न मारता, आमची आर्द्रता २६ वरून ४८ वर आली.

पुढचा टक्का जमिनीनं भरून काढला. वर्तमानपत्र काढून नारळाच्या शेंड्यांचे तुकडे आणि कोकोपीट असं मिसळून चार बोटं जाड थर घातला. कोकोपीटची वीट नर्सरीत मिळते, पण ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, काही विटांमध्ये खार असतो. देवदार किंवा चीडच्या लाकडाचा भुसा मात्र वापरू नका, त्यातली वासाची तेलं सापाच्या फुप्फुसाला सोसत नाहीत. आता पाणी स्प्रेनं नाही, तांब्यानं: चारही कोपऱ्यांत कडेकडेनं थोडं थोडं, एकूण अर्धा लिटर, दर दहा-बारा दिवसांनी. ते तळाशी जातं, वरचा थर कोरडा राहतो आणि खालची ओल सावकाश वर येत राहते. खालचं मूठभर घेऊन दाबून बघा: मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, पण बोटांतून पाणी टपकता कामा नये. पाण्याचं भांडं मोठं आणि जड हवं, साप आत बसू शकेल एवढं. हिवाळ्यात मी ते गरम बाजूकडे थोडं सरकवते, तिथं वाफ जास्त होते.

नवी पेटी केली तेव्हा

वेणी साडेचार फुटांच्या पुढे गेल्यावर लाकडी पेटी करायची ठरवली. ४ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट उंच, पुढून सरकत्या काचा. ही दोन-एक वर्षं पुरेल. पूर्ण वाढलेल्या मादीला ६ बाय २ फुटांची जागा हवी, हे साप घेतानाच मनात धरा. मादी सहा-सात फूट सहज होते आणि वीस वर्षांच्या पुढे जगते.

सुतार आले तेव्हा मी हवेची भोकं किती ते सांगितलं: दोन इंची दोनच, एक थंड बाजूला खाली, एक गरम बाजूला वर, दोन्हींना जाळी. ते मापपट्टी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "भाभीजी, इत्ती-सी हवा में दम नी घुटेगा उसका?" प्रश्न अगदी मायेचा होता. मी त्यांना समजावलं की साप आपल्यासारखा भराभर श्वास घेत नाही, सरकत्या काचांच्या मधूनही हवा येतेच, आणि आम्ही रोज दार उघडतोच. मग त्यांनीच सुचवलं की भोकांवर सरकती पट्टी लावतो, पावसाळ्यात उघडी, थंडीत अर्धी. ही पट्टी फार उपयोगाची ठरली.

प्लाय पाण्याला टिकणारा, १८ मिलिमीटरचा. आतून पाण्यात मिसळणारं वॉर्निश तीन हात, सांध्यांमध्ये मत्स्यटाकीला वापरतात ते सिलिकॉन. मग पेटी बारा दिवस गच्चीवर उघडी ठेवली. आत डोकं घातल्यावर कसलाही वास येत नाही असं झाल्यावरच वेणीला त्यात सोडलं. इथे घाई नको.

उष्णता वरून, छताला लावलेल्या सिरॅमिक हीटरची. त्याला प्रकाश नसतो, त्यामुळे रात्री सापाची झोपमोड नाही. होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. भोवती तारेचा पिंजरा हवाच हवा, कारण बोआ चढतो, आणि त्या हीटरला वेटोळं घातलं तर अंग भाजेपर्यंत त्याला कळत नाही. गरम बाजूला ३१-३२ अंश, थंड बाजूला २५-२६, रात्री कुठेही २४ च्या खाली नको. तापणारे दगड म्हणून जे विकतात ते घेऊ नका.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान बघून हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, कुठलाही हीटर लावायचा नाही, हे सगळे सांगतात. त्याचा प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, कुठे आहे ते रोज बघायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. फेब्रुवारीत एका सकाळी पेटीजवळ गेले तर काच हाताला चटका देत होती. वेणी थंड कोपऱ्यात, भांड्यामागे, अंग चोरून बसलेली. रात्री फिरताना तिनं प्रोबची तार ओढली होती आणि प्रोब पाण्याच्या भांड्यात पडला होता. पाणी २३ अंश, म्हणून थर्मोस्टॅटला वाटलं पेटी गार आहे, आणि त्यानं हीटर रात्रभर सुरू ठेवला. गरम कोपऱ्यात ४१ अंश. तिला थंड बाजूला लपायला जागा होती म्हणून ती वाचली. माझे हात दुपारपर्यंत थरथरत होते. आता प्रोब भिंतीला दोन जागी क्लिपनं घट्ट आहे आणि रोज सकाळी दूध तापवायच्या आधी तो बघितला जातो.

लपायला दोन जागा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही अंगाला लागतील अशा घट्ट. एकच असली तर सापाला ऊब आणि आडोसा यातलं एक निवडावं लागतं, आणि तो जवळजवळ नेहमी आडोसाच निवडतो.

तिसरी जागा फक्त कातीसाठी. मिठाईचा प्लास्टिकचा झाकणवाला डबा घेतला. स्टीलच्या वाटीची कड चिमट्यात धरून गॅसवर तापवली आणि बाजूला दाबली, गोल भोक पडलं, खिडक्या उघड्या ठेवून. मग कड पॉलिश पेपरनं इतकी घासली की गालावर फिरवली तरी टोचली नाही. आत ऑर्किड लावायला मिळतं ते मॉस, म्हणजे वाळलेलं शेवाळ, भिजवून, दोन्ही हातांनी करकचून पिळून. डोळे निळे झाले की हा डबा पेटीच्या मध्यभागी, जरा गरम बाजूकडे. वेणी दुसऱ्या रात्री आपण होऊन आत गेली आणि कात टाकेपर्यंत बहुतेक तिथेच होती. मॉस दर तीन-चार दिवसांनी बदलायचं, वास येण्याच्या आधी. त्या काळात खायला द्यायचं नाही आणि हातात घ्यायचं नाही. तोंड घासायला एक खडबडीत फांदी किंवा कौलाचा तुकडा कायम आत असू द्या.

आज जी कात अडकली आहे तिचं काय

तेल नाही. खोबरेल नाही, तूप नाही, बेबी ऑइल नाही. सासूबाईंनीही प्रेमानं वाटी पुढे केली होती. तेलानं कात सुटत नाही, नुसती चिकट होते.

झाकणाच्या प्लास्टिकच्या टबमध्ये दोन बोटं पाणी घ्या, मनगटाला ना गरम ना गार लागेल असं, साधारण २८-३० अंश. सापाचं डोकं सहज वर राहिलं पाहिजे. झाकणाला भोकं असू द्या. वीस-पंचवीस मिनिटं, आणि तेवढा वेळ तुम्ही तिथून हलायचं नाही. मग खरबरीत, ओला, कोमट टॉवेल दोन्ही हातांत सैल धरा आणि सापाला त्यातून स्वतःच्या जोरानं जाऊ द्या. ओढायचं काम टॉवेलचं, तुमच्या नखांचं नाही. जे निघेल ते निघेल, उरलेलं उद्या. शेपटीच्या टोकाची वळी मात्र सोडू नका. ती सुकून आवळत जाते, रक्त थांबतं, आणि काही काळानं शेपटीचं टोक काळं पडून गळतं.

डोळ्याला हात लावू नका. चिमटा नाही, सेलोटेप नाही, कापसाची काडी नाही. त्या चकतीखाली दुसरी, जिवंत चकती असते. ती ओढली गेली तर डोळा जातो. वेणीचा उजवा डोळा धुरकट दिसायचा तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगातून बघितलं आणि सांगितलं, हवा सुधारा आणि पुढच्या कातीची वाट बघा. मार्चच्या फाटक्या कातीतही ती चकती आली नाही. मेमध्ये आली, एकावर एक दोन-तीन कागद चिकटल्यासारखी जाड. साप तपासणारे डॉक्टर मोजके, म्हणून गरज पडायच्या आधीच शोधून नंबर जवळ ठेवा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते.

तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातोंडाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, किंवा पोटावर फोड: यातलं काहीही दिसलं तर घरचे उपाय बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

जुलैत सगळं उलट

हिवाळ्यासाठी बसवलेली पेटी पावसाळ्यात जशीच्या तशी ठेवली, ही माझी पुढची चूक. जुलैत खोलीचीच आर्द्रता ८० च्या पुढे. कात अखंड निघाली, पण वेणीला उलटं धरून बघितल्यावर पोटाची तीन खवलं तांबूस आणि फुगीर दिसली. डॉक्टरांचं मलम आणि तीन आठवडे कोरड्या वर्तमानपत्रावर, तेव्हा ती भरून आली. आता पहिला मोठा पाऊस पडला की तांब्या बंद, हवेच्या पट्ट्या पूर्ण उघड्या, थर अर्धा, भांडं थंड बाजूला. दिवाळीनंतर, सकाळी पहिल्यांदा ओठ ओढल्यासारखे वाटले की पट्ट्या अर्ध्या आणि थर परत चार बोटं. आमच्याकडे ही सूचना सासूबाई देतात.

थंडीत रात्री वीज गेली तर इन्व्हर्टरवर हीटर जास्त वेळ चालत नाही. गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून आत आणि पेटीवर जुनी गोधडी, हवेची भोकं सोडून. चार-पाच तास एवढ्यावर निघतात.

वेणीनं परवा कात टाकली. बाहेर १२ अंश, खोलीत १८, पेटीत ६१ टक्के. सकाळी मॉसच्या डब्यातून फांदीपर्यंत एक लांब, ओलसर, चांदीसारखी पट्टी पसरली होती. गच्चीवर वर्तमानपत्रावर अंथरून मोजली तर सहा फुटांच्या वर भरली. कात ताणली जाते, साप त्यापेक्षा आखूड असतो. तोंडाकडचा भाग उलगडायला सासूबाईंनी चष्मा लावला आणि उन्हासमोर धरून दाखवला. डोळ्यांच्या दोन्ही चकत्या जागच्या जागी होत्या.